कादरनं कापलेलं छप्पर

कादर, काल मी तुझ्या दुकानात जाऊन तुझ्या शेवटच्या मोटारीचं चाक मोजलं. अडीच इंच भरलं. खऱ्या मोटारीच्या एका फुटाला आपला एक इंच, असा आपला करार होता, आणि त्या मापानं चाक सव्वादोन इंचांच्या वर जायला नको. "मास्तर, या खेपेले तुह्याच मापानं केली," असं तू गेल्या महिन्यात माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं होतंस. तरी पाव इंच वाढवलंसच. मी तुझ्याशी भांडायला तोंड उघडलं आणि समोर तू नव्हतास. ऐरण होती, कातर होती, आणि आतल्या दारात आमिनाभाभी उभ्या होत्या. तुला जाऊन नऊ दिवस झाले होते. नऊ दिवस मला रडू आलं नव्हतं, ते त्या पाव इंचापायी आलं.

हे भांडण आपलं पहिल्या दिवसापासूनचं. शाळेतल्या ड्रॉइंगच्या वर्गासाठी मला पत्र्याचा शंकू, पत्र्याचा ठोकळा आणि पत्र्याचं नळकांडं हवं होतं, पोरांना समोर ठेवून काढायला लावायला. अमरावतीत पत्र्याचं काम चांगलं कोण करतो असं विचारलं, तर तिघांनी तुझंच नाव सांगितलं. मी आलो तेव्हा तू रॉकेलच्या चिमण्यांच्या सांध्यांना कथलाचा डाख देत बसला होतास. मागच्या फळीवर चाळण्या, नरसाळी, बादल्या, आणि त्यांच्यात एक वीतभर मोटार. रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून, वाकवून केलेली. मी ती हातात घेतली आणि मास्तरकीची खोड कुठे जाते? "नाक लांब झालं आहे," म्हणालो.

तू वरसुद्धा पाहिलं नाहीस. "मंग मोजून आना न. पाह्यल्या पाह्यल्या म्या केली. मोजून कोनी देल्ली नाई."

झालं. त्या दिवशी मी शंकू न्यायचा विसरलो आणि पुढचे कितीतरी रविवार गावातल्या एका वकीलसाहेबांच्या मोटारखान्यात घालवले. शिंप्याची फीत घेऊन मी त्यांच्या काळ्या बंद मोटारीखाली उताणा शिरायचो आणि तू बाहेर उकिडवा बसून मी सांगेन ते आकडे तोंडपाठ करायचास, कारण कागदावर तुझा विश्वास नव्हता. वकीलसाहेबांचा ड्रायव्हर आपल्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायचा. शाळेचा मास्तर आणि टीनवाला मिळून मोटारीचे नट काढून नेणार, याबद्दल त्याची खात्री होती. शेवटी तू त्याला त्याच्या स्वयंपाकघरासाठी एक नरसाळं करून दिलंस, तेव्हा कुठे तो आपल्याला दारं उघडून दाखवायला लागला.

ती मोटार करायला आपल्याला आठ महिने लागले. आपल्याला म्हणतो आहे, तिथेच थांबायला हवं. पुढे त्याच शब्दानं माझं तोंड काळं केलं. करत तू होतास. मी आकडे सांगायचो आणि चुका काढायचो. घड्याळाच्या तुटक्या कमानी कापून तू खालच्या पाट्या केल्यास, हातानं दाबलं की मोटार खाली बसून पुन्हा वर येणाऱ्या. फोटोग्राफरकडच्या जुन्या काचा धुऊन, घासून खिडक्या केल्यास. एका काचेवर कुणाच्यातरी लग्नातली नवरी अर्धी राहिली होती, ती घालवताना तुला वाईट वाटलं होतं. भाभींच्या सुरमेदाणीची झाकणं एके दिवशी नाहीशी झाली आणि दुसऱ्या दिवशी मोटारीला पुढचे दिवे आले. त्याबद्दल भाभी तुला काय बोलल्या ते मी बाहेर उभा राहून ऐकलं आहे. आतलं अस्तर आणि गाद्या मात्र त्यांनीच शिवून, चिकटवून दिल्या. सुकाणू फिरवलं की पुढची चाकं वळायची. दार लावलं की बारीकसा टक् आवाज यायचा, तो आवाज जमेपर्यंत तू सात बिजागऱ्या फेकल्यास.

चाकांचं भांडण त्याच वेळी पेटलं. मी म्हणायचो माप म्हणजे माप. तू म्हणायचास, "खरी मोटार मानूस बाजूनं पाह्यते. लहान मोटार टेबलावर ठेवली का वरून पाह्यते. वरून पाह्यलं का चाकं दडून जातेत अन् मोटार बसकी दिसते. म्हनून चाक जरासं मोठं पाह्यजे." मी तुला नाचता येईना अंगण वाकडं म्हटलं होतं. त्या खेपेला मी जिंकलो, चाकं सव्वादोन इंचांचीच झाली. आणखी एक गोष्ट मी जिंकलो. प्रत्येक सांधा कानशीनं घासून, लुगदी भरून, काचकागद मारून तुझ्याकडून असा गुळगुळीत करून घेतला की डाख कुठे दिला तेच कळू नये. मोटारीच्या पोटाखालीसुद्धा मी तुला तीन हात रंग द्यायला लावला. "खाली कोन पाह्यते?" तू विचारलंस. "जे दिसत नाही तेही नीट पाहिजे," असं मी सुविचाराच्या फळ्यावर लिहितात तसं वाक्य तुझ्या तोंडावर फेकलं. माझ्या या शहाणपणानं पुढे काय दिवे लावले ते आपण दोघांनी पाहिलंच.

अकोल्याला प्रदर्शन भरणार होतं. बैल, कापूस, नांगर यांच्या जोडीला देशी कारागिरीचा वेगळा मांडव होता. मोटार पाठवायची असं मीच ठरवलं. फॉर्म इंग्रजीत होता, तो मीच भरला. 'वस्तू तयार करणाराचे नाव' या ओळीवर आलो आणि थांबलो. कादर, मी किती वेळ थांबलो ते तुला सांगायचं आहे, कारण ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. चहा गार होईपर्यंत थांबलो. तुझं नाव लिहिलं तर लोक म्हणतील टीनवाल्याचं खेळणं; माझं लिहिलं तर आदरानं पाहतील, असं मी स्वतःला समजावलं. मी आकडे दिले, मी नकाशे काढले, मी नसतो तर मोटारीचं नाक अजून लांबच असतं, असंही समजावलं. खरं कारण लहान आणि घाणेरडं होतं. मला वाटलं होतं की ती मोटार माझी असावी. चौदा वर्षं मी पोरांच्या पाट्यांवरचे शंकू पुसत होतो आणि माझ्या हातून जगात एकही वस्तू झाली नव्हती. मी माझं नाव लिहिलं, पाकीट बंद केलं आणि पोस्टात टाकायला तुझ्याच हातात दिलं, कारण पोस्ट तुझ्या दुकानाच्या वाटेवर.

बडनेऱ्याहून अकोल्यापर्यंत आगगाडीत तू मोटारीचं खोकं मांडीवरून खाली ठेवलं नाहीस. एका बाईनं विचारलं, "काय हाय गा त्याच्यात, दादा, काचेचं सामान?" तर तू म्हणालास, "नाई बाई, मोटार हाय." ती बाई मूर्तिजापूरपर्यंत तुझ्याकडे संशयानं पाहत होती.

मांडवात आपली मोटार मधल्या टेबलावर ठेवली होती. पुढे इंग्रजी कार्ड. तुला उर्दू वाचता यायचं. इंग्रजी आणि मराठीची बाळबोध लिपी यांच्या वाटेला तू गेला नव्हतास. तू कार्डाकडे बघून विचारलंस, "मास्तर, यात माह्यं नाव कोनतं हाय?"

"तुमचं नाव आतल्या रजिस्टरात आहे," मी म्हणालो.

"असं काय," तू म्हणालास आणि रुमालानं मोटारीचं नाक पुसायला लागलास. माझे कान तापले होते. गर्दी आहे, ऊन आहे, असं मी मनाशी म्हटलं. त्या काळी आपण एकमेकांना तुम्हीच म्हणायचो, तुला आठवत असेल.

दुपारी दोनच्या सुमारास परीक्षक आले. तिघांतले मोठे म्हणजे नागपूरकडचे एक निवृत्त इंजिनियर, कोटाच्या खिशात भिंग ठेवणारे. त्यांनी मोटार उचलली, उलटी केली, भिंग लावलं, दार उघडलं, मिटलं. मग कार्ड वाचलं. "मास्तर, ही तुम्ही केलीत?"

"हो," मी म्हणालो.

"हात दाखवा."

मी हात पुढे केले. त्यांनी ते उलटसुलट पाहिले, बाजारात वांगं पाहतात तसे. "पत्र्याचं काम करणाऱ्याच्या बोटांना कापल्याच्या, भाजल्याच्या खुणा असतात. हे खडूचे हात आहेत. मोटारीलाही कुठे डाख नाही, हातोडीचा ठोका नाही. ही कारखान्यातली विलायती वस्तू आहे, मास्तर. तुम्ही फक्त रंग दिला आहे." आणि त्यांनी कार्ड टेबलावर पालथं घातलं.

माणसं जमायला लागली. मी दंड धरून तुला पुढे ओढलं आणि म्हणालो, "साहेब, यानं केली. या कादरनं."

"आत्ताच म्हणालात मी केली. आता हा आणला? आणखी कोण आहे बरोबर?"

लोक हसले. अकोल्याची माणसं हसायला लागली की मोकळेपणानं हसतात. माझ्यावर हसली असती तर मला चाललं असतं, पण ती तुझ्यावर हसत होती, चोरीच्या मालासोबत धरलेल्या माणसावर हसावं तशी. तू हात पुढे केलेस. तुझ्या बोटांवर न कापलेली जागा शोधावी लागली असती. इंजिनियर म्हणाले, "हे टीनवाल्याचे हात आहेत, मान्य. पण ही मोटार याच हातांची आहे हे कशावरून? खूण दाखवा."

आणि खूण कुठून दाखवणार? सगळ्या खुणा मीच तुझ्याकडून घासून घेतल्या होत्या. कारागीर आपल्या कामावर कुठेतरी आपला ठोका ठेवतो, तोसुद्धा मी ठेवू दिला नव्हता. पोटाखाली तीन हात रंग! कुठलाही शहाणा कारागीर असली चूक करणार नाही. ती करायला ड्रॉइंग मास्तरच लागतो.

तू पिशवी उघडलीस. तू लग्नाला जातानासुद्धा कातर आणि डाख द्यायचं सामान बरोबर नेणारा माणूस. छिन्नी काढलीस, कातर काढलीस आणि मोटार डाव्या हातात धरलीस. तू काय करणार ते मला कळलं आणि मी ओरडलो, "कादर, कापू नका! कापू नका!"

इंजिनियर दुसऱ्या परीक्षकांकडे वळून म्हणाले, "पाहा. मालकालाच नको आहे."

तेव्हा तू माझ्याकडे पाहून जे बोललास ते मी मरेपर्यंत कानात ठेवणार आहे. "मास्तर, तू चूप राह्य." पहिल्यांदा तू. त्यानंतर तुझ्या तोंडी माझ्यासाठी 'तुम्ही' कधी आलं नाही, आणि मलाही तुला 'तुम्ही' म्हणवलं नाही.

मागच्या खिडकीच्या वर तू छिन्नी ठेवलीस, एक ठोका मारलास आणि कातर आत घातलीस. आठ महिन्यांचं काम. खिडक्यांच्या वरून चारही बाजूंनी पत्रा कर्र कर्र करत कापला गेला आणि काळ्या रंगाचे कपचे टेबलावर पडले. तू छप्पर उचललंस, उलटं केलंस आणि भाभींनी चिकटवलेलं अस्तर एका कोपऱ्यातून धरून सोललंस. खाली कोरा पत्रा होता. कोरा कसला! रॉकेलच्या डब्यावरचं लाल चित्र होतं, तेलवाल्याचा छाप: एक अर्धा घोडा, मानेपासून शेपटीपर्यंत, आणि बाजूला अर्धवट अक्षरं.

मागून कुणीतरी ओरडलं, "अरे बाप्पा! मोटारीतून घोडा निघाला रे!"

मांडव हसला, पण आता हसू वेगळं होतं. इंजिनियरांनी भिंग लावलं, मग भिंग खाली ठेवून नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. "हा डबा माझ्या घरी आहे," ते म्हणाले. "आम्ही त्यात पाणी तापवतो." आणि ते तुझ्याकडे बघून हसले, मनापासून. माणूस कडक होता पण खोटा नव्हता, हे मला त्याच्याबद्दल सांगायलाच हवं.

पण नियमाला ते काय करणार? मोडलेली वस्तू परीक्षेला चालत नाही, ते म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. मी तर खाली बाकावर बसलोच. तू मात्र विचारलंस, "साहेब, निकाल कवा हाय?"

"पाच वाजता."

"मंग आतापासून मोडली काहून म्हनता? छप्पर नसलेली मोटार तुमी पाह्यली नाई काय? खुली मोटार बी मोटारच असते. पाच वाजेलोक टाइम द्या."

इंजिनियरांनी घड्याळ पाहून मान डोलावली. कादर, माझ्या आयुष्यात मी तीन तास असे कधी जगलो नाही. मांडवाबाहेर भज्यांचं दुकान लावलेली एक म्हातारी होती. तू तिच्या शेगडीवरची कढई उतरवायला सांगितलीस आणि तिनं काही न विचारता उतरवली. बहुधा तुझ्या तोंडाकडे पाहून उतरवली असेल. तिच्या निखाऱ्यात तू डाख द्यायची लोखंडी कावी तापत घातलीस. छप्पर गेल्यानं मोटारीची अंगं लटपटायला लागली होती, दारं बसेनात. तू चारही बाजूंचा काठ बाहेर वळवलास आणि बादलीच्या काठात घालतात तशी आत तार घातलीस. मोटार पुन्हा ताठ झाली. मग माझ्याकडे हात केलास. "छत्री दे."

"छत्री कशाला?"

"तू बाराही महिने छत्री घेऊन हिंडते, ते देवानं आजच्यासाठीच सुचवलं तुले. दे."

नवी छत्री होती. मी स्वतः फाडली. तिच्या काड्या कापून तू मोटारीच्या घडीच्या छताचा सांगाडा केलास आणि त्याच काळ्या कापडाचं छत, मागे ओढलं की मिटणारं, पुढे ओढलं की उघडणारं. शिवायला सुई भज्यांवाल्या म्हातारीनं दिली, शिवलं मी. ड्रॉइंग मास्तर मांडवाबाहेर मांडी घालून शिवत बसला आहे हे बघायला निम्मं प्रदर्शन लोटलं होतं. बैल पाहायला आलेली माणसं बैल सोडून आली. "पुढची काच किती उंच ठेवू?" तू विचारलंस. मी सवयीनं फीत काढली आणि मोजणार काय? खुली मोटार समोर नव्हतीच. "नजरेनं सांग," तू म्हणालास. "उभा राह्य अन् वरून पाह्य." मी बाकावर चढलो, वरून पाहिलं आणि म्हणालो, "अर्धा इंच खाली घे." तू घेतलीस, मला दाखवलीस आणि ती बरोबर होती. तू नुसत्या भुवया वर केल्यास. लहान चाकांमुळे मोटार बसकी दिसत होती हेही मी त्या वेळी वरून पाहिलं होतं. ते मी तुला कधी सांगितलं नाही. आज सांगतो. बसकी दिसत होती.

पावणेपाचला तू मोटार टेबलावर ठेवलीस. बंद मोटारीपेक्षा ती देखणी होती. खरंच होती. डौलदार, ऐटीत, छत मागे पडलेलं, जणू मालक आत्ताच उतरून पान खायला गेला आहे. कापलेलं छप्पर तू शेजारीच ठेवलंस, घोड्याची बाजू वर करून.

पाच वाजता मंचावरून पहिलं पदक पुकारलं. अमरावतीचे ड्रॉइंग मास्तर, आणि पुढे माझं नाव. कार्ड पालथं होतं, पण रजिस्टर सरळ होतं, आणि त्यात दुसरं कुणाचं नाव नव्हतं. टाळ्या पडल्या. मी पायऱ्या चढलो. पदक घेऊन उभ्या असलेल्या साहेबांना मी हात जोडले आणि जेवढा वर्गात चढतो तेवढा आवाज चढवून म्हणालो, "रजिस्टरात माझं नाव आहे ते चुकून गेलेलं नाही. मी मुद्दाम घातलं. मोटार या कादरनं केली आहे. मी फक्त मोजली." 

इंजिनियरच उठले. त्यांनीच तुला हाताला धरून वर आणलं. तुझ्या तोंडावर काजळी, सदऱ्याला भज्यांचा वास, आणि अंगठा नुकताच भाजलेला म्हणून तोंडात. पदक छातीला लावल्यावर दोन शब्द बोला म्हणाले. तू हजारभर माणसांसमोर म्हणालास, "साहेब, घाई झाली. छत डाव्या अंगाले जरासं वाकडं हाय. उद्या या, सरळ करून दाखवतो."

टाळ्या म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. बैलवाले पागोटी उडवत होते. भज्यांवाली म्हातारी बाकावर उभी राहून ओरडत होती, "माह्या शेगडीवर केली! माह्या शेगडीवर!"

परतीच्या गाडीत तू शेंगा फोडत बसलास. नावाबद्दल एक अक्षर विचारलं नाहीस. बडनेरा आलं तरी नाही. मी चार वेळा तोंड उघडलं आणि चारही वेळा तू माझ्या हातावर शेंगा ठेवल्यास. त्यानंतर इतकी वर्षं गेली, आपण दर रविवारी भांडलो, पण त्या विषयावर कधी आलो नाही. मी तुझी माफी मागितली नाही. मंचावर बोललो ते लोकांना सांगितलं होतं, तुला नाही.

मग तुझे दिवस आले. ज्यांच्याकडे मोटार होती ते आपल्या मोटारीची लहान मोटार मागायला आले, आणि ज्यांच्याकडे नव्हती ते तर आधी आले. अचलपूरचे एक व्यापारी म्हणाले, माझी मोटार काळी आहे पण लहान मोटार लाल कर, चाकांच्या काड्या पिवळ्या कर. खरी लाल करू म्हटलं तर आमचे वडील घरात घेणार नाहीत. पातूरच्या एका डॉक्टरांना आपल्या मोटारीच्या मागे औषधांची पेटी उघडणारी हवी होती. ती तुझ्या मोटारीत आधी झाली आणि मग ती पाहून त्यांनी खऱ्या मोटारीत करून घेतली. भातकुलीचा एक फुलवाला मळेकरी आला, त्याच्याकडे नुसती बैलगाडी. म्हणाला, पोरीचं लग्न आहे, रुखवतात मोटार ठेवायची आहे, तिच्यावर शेवंतीच्या माळा सोडलेल्या पाहिजेत. पत्र्याची शेवंती तू एकेक पाकळी कापून केलीस. मी म्हटलं, खऱ्या मोटारीच्या मापात हे फूल चहाच्या बशीएवढं होतं आहे. तू म्हणालास, "लग्न हाय, मास्तर. लग्नात कोन मोजते?"

लढाई सुरू झाली, पत्रा मिळेनासा झाला, पेट्रोल चिठ्ठीवर आलं. खऱ्या मोटारी पेट्रोलच्या जागी पाठीवर कोळशाची टाकी बांधून धूर सोडत फिरायला लागल्या. मला वाटलं आता तुझं काम संपलं. तू बाजारात जाऊन फुटक्या बादल्या वेचून आणल्यास आणि तुझ्या मोटारींच्या पाठीवरही कोळशाच्या टाक्या आल्या, बारीक झाकणाच्या, उघडणाऱ्या. काल मी मोजली ती त्यातलीच शेवटची. हातानं दाबली, खाली बसली, वर आली. या बाबतीत मी काहीच चूक काढू शकलो नाही.

मी रडलो ते भाभींनी पाहिलं. मला पाणी आणून दिलं आणि समोर बसल्या. मग मी त्यांना ती गोष्ट सांगितली, जी तुला सांगायची होती. फॉर्मची, गार झालेल्या चहाची, मुद्दाम लिहिलेल्या नावाची. म्हटलं, भाभी, त्यानं कधी विचारलं नाही आणि मी कधी माफी मागितली नाही, आता कोणाला मागू?

"मास्तर, त्यायले माहीत होतं न," भाभी म्हणाल्या. "पोस्टात टाकाच्या आधी त्यायनं ते पाकीट उघडून वकीलसाहेबाच्या मुन्शीकडून वाचून घेतलं होतं. स्पेलिंग बराबर हाय का नाई ते पाहाले. त मुन्शीनं सांगतलं का तुह्यं नावच नाई यात."

त्या टेबलापाशी, रुमाल हातात घेऊन, "यात माह्यं नाव कोनतं हाय" असं तू विचारत होतास, आणि तुला माहीत होतं!

"म्या म्हनलं, मंग बदलून काहून नाई घेत? त म्हनले, राहू दे. मास्तर खोटं बोलला का त्याचे कान लाल होतेत. अकोल्याच्या पुढं नाई जाऊ शकनार तो, सोताच सांगन. म्या पकडला त जिंदगीभर माह्याशी नजर भिडवनार नाई, अन् मंग माह्याशी भांडन कोन करन?"

कादर, तुझ्या दुकानात, तू गेल्याच्या नवव्या दिवशी, मी मोठ्यानं हसलो. शेजारचे लोक डोकावले. भाभीही हसल्या, पदर तोंडाला लावून, आणि मग आम्ही दोघं रडलो, आणि पुन्हा हसलो. इतकी वर्षं मी समजत होतो की त्या मंचावर मी मोठेपणा करून तुझं नाव सांगितलं. तू पाकीट पुन्हा चिकटवलंस, पोस्टात टाकलंस, खोकं मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसलास आणि मी कधी सांगतो याची वाट पाहत राहिलास. पत्रा सरळ करायला तुला दिवसभर ठोके मारावे लागायचे. मला तू एकही न मारता सरळ केलंस.